खासदारांच्या हाती नारळ

"ओत्रा वेस यो."

गाडीत बसली, पट्टा लावला, चपला काढून पाय सीटवर घेतले, की तिचं पहिलं वाक्य हे. माझ्याशी नव्हे, फोनवर. अर्थ एवढाच, की 'पुन्हा मीच'. पृथ्वीच्या पार पलीकडे, बोगोता नावाच्या थंड शहरात, कोलंबियाच्या एका खासदाराच्या कचेरीत कुणी एक मुलगी तेव्हा नुकतीच पर्स ठेवून खुर्चीत टेकलेली असायची. आमचं दुबईत देऱ्यातलं ऑफिस सुटायचं, तेव्हा तिकडची ऑफिसं उघडायची. बिचारीची भवानीच रोज या 'पुन्हा मीच'ने व्हायची.

मला त्या न पाहिलेल्या मुलीबद्दल फार सहानुभूती वाटे. कारण आमच्या ऑफिसातही या 'पुन्हा मीच'पुढे कुणाचं काही चालत नसे.

आमची कंपनी फळं मागवते. केळी, अननस, आव्होकाडो. दक्षिण अमेरिकेतून कंटेनर निघतात आणि मध्येच कुठेतरी रुसून बसतात. मग तिकडच्या लोकांशी स्पॅनिशमध्ये भांडायला माणूस लागतो. तो माणूस म्हणजे ती. मी अकाउंट्समध्ये, म्हणजे भांडण मिटल्यावर येऊन नवीन भांडण काढणारा. दोघंही अल कुसैसला राहणारी, म्हणून ती माझ्या गाडीतून येऊ-जाऊ लागली. संध्याकाळी शारजाच्या दिशेने जी गाड्यांची रांग लागते, तिच्यात अडकलेली माणसं तुम्ही पाहिली असतील. कुणी गाणी ऐकतं, कुणी बायकोला 'आलोच' म्हणून खोटं सांगतं. आमच्या गाडीत एका देशाच्या संसदेचं कामकाज चालायचं.

आमचं बोलणं व्हायचं इंग्रजीत. तिचं इंग्रजी स्पॅनिशमधून आलेलं, माझं कराडहून. मध्ये कुठेतरी दोघांची गाठ पडायची. वर इथलं अरबी 'यल्ला', 'खलास' आणि 'अरे बाबा' एवढं सामान दोघांनाही पुरायचं. इथे मी सगळं मराठीतच लिहितोय. तेवढीच माझी झाकली मूठ.

ती मला 'दोन विनायक' म्हणायची. पहिल्या दिवशी मी मागे वळून पाहिलं, दुसरा कोण म्हणून. मग कळलं, की त्यांच्यात वडीलधाऱ्याला मानाने 'दोन' म्हणतात, जसं आपलं 'राव'. घरी येऊन मी हे मोठ्या ऐटीत बायकोला सांगितलं.

"दोन?" सुलभा म्हणाली. "एकाला सांभाळता सांभाळता माझ्या नाकी नऊ आलेत, दोन कुठून आणू?"

पुढे तिलाही 'दोन्या सुलभा' अशी पदवी मिळाली, तेव्हा कुठे घरात शांतता झाली.

आता हे रोजचे फोन कशासाठी, ते सांगायला हवं. तिचं गाव कोलंबियाच्या पॅसिफिक किनाऱ्याकडे, एका नदीच्या काठी. आफ्रिकेतून गुलाम म्हणून खाणींत आणलेल्या माणसांची ती लेक. कुणी पळालेले, कुणी स्वतःचीच किंमत मालकाला चुकती करून सुटलेले, असे लोक त्या रानात नदीच्या कडेकडेने वसले. तिथली जमीन कुणा एकाची नाही, अख्ख्या गावाची. तसा कायदाच आहे तिकडे. पण कायदा राजधानीत असतो आणि यंत्र काठावर. सोन्यासाठी नदीचा तळ उपसणारी यंत्रं वरच्या अंगाला येऊन ठेपली होती. पाणी गढूळ, मासे पाऱ्याने नासलेले. आणि आता एका समितीपुढे नवं विधेयक आलं होतं, की गावाच्या पंचायतीने 'हो' म्हटल्याशिवाय नदीत यंत्र उतरवायचं नाही. समितीत दोन्ही बाजू तुल्यबळ. एक खासदार, डोंगरातल्या थंड मुलखाचा, तेवढा तळ्यात-मळ्यात करत होता. तो तळ्यात पडला की विधेयक बुडालं, म्हणून रोजचा फोन त्याच्याच कचेरीत.

"माझी आई तिथे राहते," एकदा सिग्नलला ती म्हणाली. "नदी मेली तर आई शहरात यायची नाही. आणि मेलेल्या नदीवर राहताही यायचं नाही. मग तिने कुठे जायचं, सांग."

मी सिग्नल हिरवा झाला असं सांगितलं. झालाही होता.

मी व्हिसावाला माणूस. परक्या मुलुखात नाकासमोर बघून चालावं, चौघांत उभं राहू नये, उभं राहिलंच तर क्रिकेटवर बोलावं, या मताचा. ही बाई माझ्या गाडीत बसून खासदाराच्या कचेरीला जाब विचारते आहे, हे पाहून मला घाम फुटायचा. मी काच वर करायला बटण दाबायचो. एसी चालू असल्यामुळे काच वरच असायची. तरी मी दाबून ठेवायचो.

तिने ते एकदा पाहिलं. "अरे बाबा, देश माझा, खासदार माझा, फोन माझा. तुझी फक्त सीट!"

"सीटचं रजिस्ट्रेशन माझ्या नावावर आहे," मी म्हणालो.

एका रविवारी सुलभाने तिला पुरणपोळी जेवायला बोलावलं. पाहुणी सोफ्यावर बसलेली, आणि नेमका पुण्याहून सुलभाच्या बहिणीचा फोन. बहिणीला सगळा तपशील हवा. कोण आली, कशी दिसते, रंगाने कशी? सुलभा बिचारी पाहुणीकडे बघून हसत मराठीत म्हणाली, "रंगाने ना? जरा... गव्हाळच म्हण गं."

पाहुणीने शब्द टिपला. "गव्हाळ म्हणजे काय?"

आम्ही दोघांनी एकदम खोकायला सुरुवात केली. पण आमची कन्या इथल्या शाळेत शिकलेली, तिला आईबापांची लाज राखायचं कुणी शिकवलंच नाही. "शी सेड यू आर व्हीट-कलर्ड," ती म्हणाली आणि फोनमध्ये परत गेली.

पाहुणीने आपला हात ट्यूबलाइटखाली धरला. उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला. "गहू? आमच्याकडे गहू पिकतच नाही!" आणि ती अशी हसली, की वरच्या मजल्यावरच्यांनी काहीतरी आपटलं. मग डोळे पुसून म्हणाली, "दोन्या सुलभा, मी नेग्रा. काळी. म्हण बघू."

"अहो, असं तोंडावर कसं म्हणायचं?" सुलभा माझ्याकडे बघून कुजबुजली.

"या शब्दाने लोकांनी आम्हाला शिव्या दिल्या," ती म्हणाली, आता न हसता. "आमच्या म्हाताऱ्यांनी तोच शब्द उचलला आणि कायद्यात लिहून घेतला. काळ्या लोकांची गावं, काळ्या लोकांची जमीन. तिथे गव्हाळ लिहिलं असतं, तर आज जमीन गव्हाची असती."

सुलभा माझ्याकडे 'आता तुम्हीच बोला' अशा नजरेने बघू लागली. म्हणून मी आपली इभ्रत पणाला लावली. सांगितलं, की लग्न ठरताना माझ्या वडिलांनी माझ्या माहितीत 'वर्ण गव्हाळ' असंच लिहून दिलं होतं आणि मला पाहिल्यावर सासरे म्हणाले होते, "गहू जरा भाजून घेतलेला दिसतोय." सुलभाने त्याला दुजोरा दिला. जरा जास्तच उत्साहाने दिला.

मग पानं मांडली. तुम्हाला सुलभाचं वाढणं माहीत नाही, म्हणून सांगतो. दोन पोळ्या झाल्यावर पाहुणीने ताटावर दोन्ही हात आडवे धरले. सुलभाने तिच्या बोटांवरच पोळी ठेवली. तुपासकट. पाहुणीला हात काढावे लागले, आणि पोळी जिथे जायची तिथे गेली. "आता एक वाढू की दोन?" सुलभाने विचारलं. पाहुणी घाबरून "एक!" म्हणाली. तेवढंच हवं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीत ती नुसती खिडकीबाहेर बघत बसली होती. मला वाटलं, पुरण बाधलं.

"तुझ्या बायकोने मला एकदाही 'हवी का' असं विचारलं नाही," ती अखेर म्हणाली. "का?"

"हवी का विचारलं की माणूस नको म्हणतो," मी म्हणालो. "एक की दोन विचारलं, तर निदान एक म्हणतो. याला आम्ही आग्रह म्हणतो."

"आग्राव," ती म्हणाली. तिला शेवटचा ह जमायचा नाही.

त्या संध्याकाळी नेहमीची 'पुन्हा मीच' झाली आणि मग मला न कळणाऱ्या भाषेत काहीतरी नवीन घडलं. फोन ठेवून ती मांडीवर थाप मारून हसायला लागली. आजवर ती त्या मुलीला विचारायची, "साहेब पाठिंबा देणार का?" आणि मुलगी सांगायची, "त्यांचा अभ्यास चालू आहे." आज तिने विचारलं, "साहेब पाठिंबा मंगळवारी जाहीर करणार की बुधवारी?" आणि ती मुलगी बेसावधपणे म्हणून गेली, "बुधवारी... नाही, थांबा, म्हणजे..."

तिच्या देशाची आणखी काही माणसं दुबईत होती. कुणी हॉटेलात, कुणी विमान कंपनीत. ती सगळी आपापल्या खासदारांना फोन करायची. पंधरवड्यात सगळ्यांनी 'दोन्या सुलभाची पद्धत' उचलली. म्हणजे बघा, कोलंबियाच्या संसदेत फोन खणखणताहेत आणि त्यामागे अल कुसैसच्या दुसऱ्या मजल्यावरची पुरणपोळी आहे. सुलभाला मी हे सांगितल्यावर ती नुसती 'हं' म्हणाली, पण त्या रविवारी पुण्याच्या फोनवर तिचा आवाज मला जरा मंत्रिमंडळातला वाटला.

एकदा चुकून खुद्द खासदारांनीच फोन उचलला. ती सीटवर ताठ झाली. भराभरा बोलली. मग ऐकलं. मग फोन खाली ठेवला.

"काय म्हणाले?"

"वामोस आ मिरार."

"म्हणजे?"

"म्हणजे, पाहूया. नंतर. कधीतरी."

"बघू!" मी ओरडलोच. "बघू म्हणाले!" इतक्या लांबचा माणूस, आमच्या तालुक्याचं पाणी न पिता हा शब्द कसा शिकला असेल, याचं मला फार नवल वाटलं. शपथ प्रत्येकाने आपापल्या भाषेत घ्यावी. घेतल्यानंतर सगळे एकच भाषा बोलतात.

आणि मग ती बातमी आली. कोलंबियाहून एक व्यापारी शिष्टमंडळ दुबईला येत होतं, फळंफळावळ विकायला. सोबत काही खासदार. त्यात हे बघूसाहेबही. देऱ्यातल्या एका हॉटेलात संध्याकाळचा स्वागत समारंभ, आणि आमची कंपनी त्यांची जुनी गिऱ्हाईक, म्हणून दोघांना आमंत्रण. आमचे साहेब नेमके बाहेरगावी. त्यांनी आम्हा दोघांना पाठवायचं ठरवलं आणि फोनवर तिच्यासाठी म्हणून मला बजावलं, "सिर्फ केले की बात करना. और कुछ नहीं. समझे?"

मी समजलो. ती म्हणाली, "हो, केळ्यांचंच बोलेन."

आता माझी चूक ऐका. मला ती तेव्हा चूक वाटली नव्हती. आमच्याकडे खासदाराला भेटायचं म्हणजे रिकाम्या हाताने जाता येत नाही. निवेदन एक वेळ विसरलं तरी चालेल, पण शाल आणि श्रीफळ हवंच. शाल घरात होती. आमच्या मंडळाच्या गणपतीत चपलांची व्यवस्था पाहिल्याबद्दल ती मला मिळाली होती. मला घालण्यापूर्वी ती आणखी दोन सत्कारमूर्तींच्या अंगावरून आली होती, असा सुलभाचा संशय होता. नारळ मी शेंडीसकट आणला.

"पाच दिऱ्हम?" सुलभा म्हणाली. "म्हणजे शंभराच्या वर! तेही एका नारळाला! आणि अहो, खासदाराला नारळ देताय? 'नारळ दिला' म्हणजे काय, कळतं ना?"

"त्याला कुठे मराठी येतंय!" मी म्हणालो.

हॉटेलच्या दारात सामान तपासायचं यंत्र होतं. माझी पिशवी त्यातून गेली आणि पट्टा थांबला. पडद्यावर एक काळा गोल आणि त्याला शेंडी. सुरक्षारक्षक मिशीवाला, पेशावरकडचा असावा. त्याने पिशवी हाताच्या अंतरावर धरून विचारलं, "ये क्या है, भाई?"

"श्रीफल," मी म्हणालो. घाबरलो की मी शुद्ध बोलतो.

"क्या?"

"नारियल. रिस्पेक्ट के लिए."

त्याने नारळ कानाशी धरून हलवला. "पानी है," तो आपल्या सहकाऱ्याला म्हणाला. सहकाऱ्यानेही हलवला. मग त्यांचा वरिष्ठ आला, त्याने हलवला. मागे सुटाबुटातली रांग वाढत होती. ती माझ्या शेजारी उभी राहून एकेक डोळा पुसत होती, हसू दाबल्यामुळे. शेवटी मिशीवाल्याने नारळ दोन्ही हातांनी माझ्या हवाली केला. "जाओ. मगर फोड़ना नहीं अंदर."

आत खासदारसाहेब भेटले. बुटके, गोरटेले, टक्कल, अतिशय गोड बोलणारे. एका हातात सरबताचा ग्लास, दुसऱ्यात काडीला टोचलेला चीजचा तुकडा. ती त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली, आणि मला नंतर कळलं त्याप्रमाणे, तिने आमच्या साहेबांचा हुकूम तंतोतंत पाळला. ती केळ्यांबद्दलच बोलली. केळी छान आहेत. केळी कुठे होतात? जमिनीत. जमीन कशावर जगते? नदीवर. नदी कुणाची? आणि मग नदीवर ती जी थांबली, ती थांबलीच. खासदारसाहेब मान हलवत चीज खात होते. 'वामोस आ मिरार' मला दोनदा ऐकू आलं. त्यांची नजर तिच्या खांद्यावरून पलीकडे कुणी मोठा माणूस शोधत होती. आता ते सटकणार, एवढं स्पॅनिश मलाही कळलं.

मी पुढे झालो. का झालो, ते माझं मलाच ठाऊक नाही. आयुष्यात मी पुढे असा झालेलोच नाही. पिशवीतून शाल काढली आणि खासदारांच्या अंगावर घातली. पन्नास सत्कार पाहिलेले असल्यामुळे पुढचं हातांनीच केलं. त्यांना खांद्याला धरून फोटोवाल्याकडे वळवलं, ग्लास आणि काडी काढून घेतली, आणि त्यांच्या दोन्ही हातांत नारळ दिला. दिला, पण सोडला नाही, फोटो होईपर्यंत. फ्लॅश पडला. आजूबाजूला टाळ्या झाल्या.

"शुक्रान," खासदारांनी अरबीत माझे आभार मानले. त्यांना वाटलं, हा इथला रिवाज.

मग त्यांनी नारळाकडे बघून तिला काही विचारलं. ती माझ्याकडे वळली. "दोन विनायक, साहेब विचारतात, याचा अर्थ काय?"

"मान," मी म्हणालो. "सन्मान." एवढ्यावर थांबायला हवं होतं. पण सगळे बघत होते, आणि सगळे बघत असले की मी उगाच जास्त बोलतो. "आणि आमच्याकडे कुणाला पदावरून काढून टाकलं, तरी 'नारळ दिला' असंच म्हणतात."

तिचे डोळे हळूहळू मोठे झाले. तेव्हा मला कळलं, आपण काय बोलून बसलो. आमचे साहेब आठवले, व्हिसा आठवला, सुलभा तर फारच आठवली. मी मानेने 'नको नको' म्हणत होतो. तिने दोन्ही अर्थ स्वच्छ, मोठ्या आवाजात सांगितले.

 खासदारांनी हातातल्या नारळाकडे असं पाहिलं, की जणू तो टिकटिक करतोय. मग हसून त्यांनी विचारलं, "मग हा कुठला?"

"ते तुमच्या हातात आहे," ती म्हणाली.

सगळे हसले. तेही हसले, जरा उशिराने. मग त्यांनी नारळ मदतनिसाकडे द्यायला हात पुढे केला. तिने नारळावर आपला हात ठेवला आणि तो जाऊ दिला नाही. आवाज एकदम खाली आणून ती काहीतरी बोलली. चार-पाच वाक्यंच. त्यातलं मला 'मामा' एवढं कळलं, म्हणजे त्यांच्यात आई. खासदारांचं हसू कुठेतरी गेलं. 'वामोस आ मिरार' म्हणायला त्यांनी तोंड उघडलं आणि न म्हणता मिटलं.

परतताना गाडीत तिने फोन काढला नाही. पायही खालीच.

"काय सांगितलंस त्यांना?" मी विचारलं.

"आमच्याकडे मूल जन्मलं, की त्याची नाळ झाडाच्या मुळाशी पुरतात," ती म्हणाली. 'नाळ' हा शब्द अर्थातच माझा. तिने आपल्या पोटाकडे बोट दाखवलं होतं. "माझी नारळाखाली आहे. काठावर. माझ्या भावाची शेजारच्या झाडाखाली, तो आता नाही. आई रोज तिथे केर काढते. यंत्र वरच्या वळणापर्यंत आलंय. मी त्यांना म्हटलं, साहेब, कुठल्या झाडापर्यंत खणलेलं चालेल, तेवढं तुम्हीच सांगा."

पुढच्या गाडीचे लाल दिवे लागले, मी ब्रेक दाबला.

"आमच्यातही पुरतात," मी म्हणालो.

"तुझी कुठे आहे?"

मला माहीत नव्हतं. आईला विचारायला हवं होतं, आणि आई जाऊन आता बरीच वर्षं झाली.

"मग परत कुठे जायचं, हे तुला कसं कळणार?" तिने विचारलं. थट्टा नव्हती, खरंच काळजी होती.

"गाडीच्या नकाशात 'होम' म्हणून अल कुसैस टाकलंय," मी म्हणालो. ती हसली नाही. मीही नाही.

दुसऱ्या दिवशी खासदारांनी तो फोटो जगजाहीर केला. खाली लिहिलं होतं, 'अरबांच्या प्राचीन आतिथ्याने भारावून गेलो'. फोटोत नारळ धरलेला अरब म्हणजे मी. "बाबा, ही थिंक्स यू आर अ शेख," कन्या म्हणाली आणि आठवडाभर मला पाणी आणून देताना वाकून द्यायची. आमच्या साहेबांनी फोटो पाहिला आणि एवढंच विचारलं, "केले की बात हुई ना?" मी हो म्हणालो.

समितीचं मतदान झालं, ते आम्ही गाडीतच पाहिलं. ती फोन समोरच्या काचेखाली टेकवून बसली होती. एक बाई एकेक नाव वाचत होती आणि खासदार आपापल्या जागेवरून 'सी' किंवा 'नो' म्हणत होते. 'सी' म्हणजे हो, एवढं मला तोवर आलं होतं. प्रत्येक 'नो'ला ती माझ्या डॅशबोर्डवर नख रुतवायची. मग तळ्यात-मळ्यात साहेबांचं नाव आलं. ते खाकरले. कागद सरळ केला. मी ब्रेकवर पाय दाबून धरला होता, पुढे रस्ता मोकळा झाला होता, मागचे हॉर्न वाजवत होते.

"सी," ते म्हणाले.

मला वाटलं, आता ही टपावर चढून नाचेल. पण तिने हळूच चपला घातल्या. डोक्याचं फडकं नीट केलं. परक्याच्या घरी बसावं तशी सरळ बसली, दोन्ही हात मांडीवर. गालांवरून पाणी वाहत होतं, ते तिने पुसलंही नाही.

"चल, दोन विनायक," ती म्हणाली. "लोक खोळंबलेत."

मीच चष्मा काढून पुसला. एसीने काचेवर बाष्प धरतं. तुम्हाला माहीतच आहे.

पण त्यांच्याकडे विधेयकाला चार पंगतींतून, म्हणजे चार मतदानांतून, जेवून उठावं लागतं. ही पहिली. पुढच्या तीन बाकी होत्या, आणि खासदार वेगळे, बघू तेच. गावाच्या पंचायतीने तिला निरोप धाडला, की आता तू इकडेच ये. तिने राजीनामा दिला. साहेबांनी खूप समजावलं, मीही माझ्या परीने समजावलं. म्हटलं, फोनवर इतकं छान चाललंय की.

"फोनवर ते नुसतं 'बघू' म्हणतात," ती म्हणाली. बघू हा शब्द तिने मराठीतच म्हटला. "समोर जाऊन बसलं, की बघावं लागतं."

विमानतळावर सुलभाने तिला डबा दिला. किती पोळ्या देऊ, हे विचारलं नव्हतंच. मला तिने कडकडून मिठी मारली, सर्वांदेखत. मी काच वर करायला बटण शोधत होतो.

आता माझ्या शेजारी एक केरळचा हिशोबनीस बसतो. सज्जन आहे, गाडी सुरू झाली की झोपतो. विधेयकाची दुसरी पंगत उठली म्हणतात. तिसरी अडकलीय. अधूनमधून ती मला फोटो पाठवते. कधी संसदेच्या पायऱ्या, त्यावर बसलेल्या दहा-बारा बायका, डोक्याला रंगीत फडकी. कधी कुणा नव्या खासदाराचा वैतागलेला चेहरा.

परवा नदीचा आला. रुंद, तपकिरी पाणी, एक होडी, काठावर खांबांवर उभं असलेलं लाकडी घर आणि दारात एक म्हातारी, डोळ्यांवर हात धरून उन्हातून बघणारी. सुलभाने चष्मा लावला, दोन बोटांनी फोटो मोठा केला, इकडून तिकडे सगळा फिरवून पाहिला.

"ही कुठाय यात?"

"तीच काढतेय ना फोटो."

"नेहमी मेलं असंच," सुलभा म्हणाली. "तिला सांगा, फोन दुसऱ्या कुणाच्या हातात दे आणि एकदा आईशेजारी जाऊन उभी राहा म्हणावं."

मी तसा मेसेज टाकला. अजून त्यावर एकच खूण आहे. तिकडे नदीवर रेंज नसते.